वाद, वितंडा आणि हातातला मोबाईल

वाद घालणे हा मराठी माणसाचा जुना स्वभाव आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. गावची चावडी, देवळाचा पार, एस.टी. स्टँडवरचे चहाचे दुकान, वाचनालयातील वर्तमानपत्रांचे टेबल आणि महाविद्यालयाचा कट्टा ही आपली परंपरागत वादपीठे होत. १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला आणि ‘केसरी’शी त्याची जी जुगलबंदी सुरू झाली, तिने एका पिढीचे मन घडविले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर तर उभा महाराष्ट्र दोन तट पडून भांडला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करावे की नाही, हा वरवर कायद्याचा प्रश्न. पण त्याच्या पोटात धर्मश्रद्धेचा प्रश्न होता आणि परक्या सरकारने आपल्या घरात किती शिरावे, हा राजकारणाचा प्रश्नही होता.

आज हा वाद मोबाईलच्या पडद्यावर आला आहे. भाचा पुण्यात, काका चोपड्याला, मामा शिरपूरला आणि आतेभाऊ दुबईत. पण सारे एकाच ग्रुपवर. सकाळी देवदर्शनाचे छायाचित्र, दुपारी लशीविरुद्धचा इशारा, संध्याकाळी आरक्षणावर हमरीतुमरी आणि रात्री कापसाचा भाव. ज्यांचे पत्र कोणत्याही संपादकाने छापले नसते, त्यांनाही आज आपले म्हणणे मांडता येते. या दृष्टीने पाहता ही लोकशाहीची पर्वणीच आहे. मग इतके वाद होऊनही निष्कर्ष का निघत नाही? रात्री अकरापर्यंत भांडून सकाळी प्रत्येक जण आपापल्या जागी, आदल्या दिवसापेक्षा अधिक हट्टाने उभा असतो, असे का व्हावे? या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो निव्वळ पांडित्याचा विषय नाही. आपल्या खान्देशात त्याची किंमत पाच माणसांनी प्राणांनी मोजली आहे.

राईनपाडा

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या आदिवासी गावी आठवडे बाजार भरला होता. तेथे पाच अनोळखी माणसे आली. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची होती. बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातली. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्याआधी कित्येक दिवस ‘मुले पळविणारी टोळी आली आहे’ असे संदेश मोबाईलवरून या भागात फिरत होते. त्या संशयावरून जमावाने या पाच जणांना पकडले, मारले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन पुन्हा मारले. पाचही जण मरण पावले. ती टोळी नव्हती. कोणाचेही मूल त्यांनी पळविले नव्हते. त्याच रात्री शेजारच्या मालेगावातही अशाच संशयावरून काही जणांवर जमाव धावून गेला. त्यांच्यात एक स्त्री आणि लहान मूल होते. तेथे मात्र स्थानिक रहिवासी व पोलीस यांच्यामुळे त्यांचे प्राण वाचले.

ही घटना ऐकली की ‘अडाणी लोक, दुसरे काय!’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे म्हणणे सोयीचे आहे, पण न्यायाचे नाही. मोबाईलवरचा संदेश पाड्यावर आपोआप उगवत नाही. तो तेथे पोहोचण्यापूर्वी शहरांतील, तालुक्यांच्या गावांतील, लिहिता-वाचता येणाऱ्या शेकडो हातांतून गेलेला असतो. त्यांपैकी पुष्कळांनी ‘खरे असेल तर? सावध केलेले बरे’ अशा सद्हेतूनेच तो पुढे ढकललेला असतो. राईनपाड्याच्या जमावाचा गुन्हा हा त्या जमावाचाच. परंतु जी भीती घेऊन तो जमला, ती भीती मात्र साक्षर माणसांनी घरपोच पोहोचविली होती.

तीन जातींचे प्रश्न

आपल्या वादांचा गुंता होण्याचे पहिले कारण असे, की आपण तीन वेगवेगळ्या जातींचे प्रश्न एकाच पिशवीत भरतो. ते वेगळे करून पाहू.

पहिला प्रकार वस्तुस्थितीच्या प्रश्नांचा. येथे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे असते आणि ते तपासता येते. २१ सप्टेंबर १९९५ या दिवशी गणपती दूध पितो ही वार्ता देशभर पसरली. तेव्हा मोबाईल सामान्यांच्या हाती आलेला नव्हता. साध्या दूरध्वनीवरून काही तासांत ही बातमी गावोगाव गेली आणि मंदिरांपुढे दुधाची भांडी घेऊन रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखविले. चमच्याच्या काठावरचे दूध मूर्तीला टेकताच द्रवाच्या पृष्ठताणामुळे बाहेर ओढले जाते आणि पातळ थर होऊन मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळते. पांढरे दूध पांढऱ्या संगमरवरावर दिसत नाही, रंगीत दूध दिसते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनीही त्या वेळी हेच लोकांना समजावले. येथे वादाची गरजच नव्हती. एक चमचा पुरेसा होता.

दुसरा प्रकार श्रद्धेच्या प्रश्नांचा. ‘गणपती आहे का?’ हा प्रश्न चमच्याने सुटत नाही. दूध ओघळले, एवढ्याने भक्ताची भक्ती खोटी ठरत नाही. आणि भक्ती खरी आहे, एवढ्याने दूध प्यायल्याचे सिद्ध होत नाही. श्रद्धेबाबत समाजाला विचारता येईल असा एकच प्रश्न आहे : तिच्या नावाने दुसऱ्या कोणाला इजा होते का? महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा नेमका येथेच रेघ ओढतो. तो देव मानण्यावर बंदी घालत नाही. नरबळी, अघोरी छळ, भुताटकीच्या नावाने मारहाण आणि फसवणूक यांवर घालतो. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. ज्या माणसाने आयुष्यभर वादच घातला, त्याला गोळीने उत्तर दिले गेले, ही आपल्या वादपरंपरेवरची काळी रेघ होय.

तिसरा प्रकार धोरणाच्या प्रश्नांचा. येथे खरे-खोटे असा निकाल नसतो. लाभ कोणाचा आणि किंमत कोणी मोजायची, याचा तोल असतो. आपल्या शिवारातला कापूसच घ्या. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात घातल्याने बोंडात शिरणारी अळी मरते, ही त्यामागची युक्ती. पुढे गुलाबी बोंडअळी या विषाला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना तिचा मोठा फटका बसला. आता अळी मरते की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. तो प्रयोगशाळेत आणि शेतात तपासता येतो. परंतु तणनाशकाला तोंड देणाऱ्या, सरकारी मान्यता नसलेल्या बियाण्याला परवानगी द्यावी का, हा धोरणाचा प्रश्न आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने असे बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. निंदणीची मजुरी वाचावी म्हणून एका शेतकऱ्याला ते हवे असेल. त्याच निंदणीवर जिचे घर चालते त्या बाईला ते नको असेल. दोघेही खरे बोलत आहेत. अशा वेळी ‘तुम्ही विज्ञानविरोधी’ आणि ‘तुम्ही कंपनीचे दलाल’ असे ओरडणे म्हणजे धोरणाच्या प्रश्नाला श्रद्धेचा प्रश्न करून टाकणे होय.

मोबाईलवरच्या भांडणांत हे तीनही प्रकार क्षणाक्षणाला एकमेकांत मिसळतात. एक जण विचारतो, ‘या लशीने ताप का येतो?’ दुसरा म्हणतो, ‘तुमचा आयुर्वेदावर विश्वास नाही का?’ तिसरा म्हणतो, ‘सक्ती करणारे सरकार कोण?’ वास्तविक हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरेही निरनिराळ्या ठिकाणी सापडतील. परंतु तिघांनाही वाटते की आपण एकाच विषयावर बोलत आहोत.

वाद, जल्प आणि वितंडा

दुसरे कारण वादाच्या रीतीत आहे. आपल्या न्यायदर्शनाने चर्चेचे तीन भेद सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून दोघे मिळून करतात तो वाद. जिंकण्यासाठी करतात तो जल्प. त्यात छळ, शब्दांची फिरवाफिरव सारे चालते. आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे ही वितंडा. आज आपण ज्याला ‘वितंडवाद’ म्हणून हसतो, तो शब्द येथून आला आहे. शिवाय जुन्या शास्त्रकारांची शिस्त अशी, की आधी पूर्वपक्ष मांडायचा. म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या चांगल्या शब्दांत सांगायचे आणि मगच त्याचे खंडन करायचे. आपल्या अमळनेरला १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठजींच्या औदार्याने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, ते याच जातीच्या विचारमंथनासाठी.

मोबाईलची रचना मात्र वादाला प्रतिकूल आणि जल्पाला अनुकूल आहे. कसे ते पाहा. पारावर दोघे वाद घालतात तेव्हा समोरच्याचा चेहरा दिसतो. त्याचा आवाज कापरा झाला की आपणही नकळत सुर खाली आणतो. पडद्यावर चेहरा नाही. उलट दोनशे जणांचे प्रेक्षागृह मात्र आहे. दोनशे जणांपुढे ‘तुमचे खरे आहे’ असे म्हणणे हा पराभव ठरतो. एकांतात तोच मोठेपणा ठरला असता. वक्तृत्व स्पर्धेत अध्यक्ष असतात, घंटा असते, विषय ठरलेला असतो. ग्रुपवर अध्यक्ष नाही, घंटा नाही, आणि विषय तर दर तिसऱ्या संदेशाला बदलतो. शेवटचा शब्द ज्याचा त्याचा विजय; आणि ज्याला दुसऱ्या दिवशी लवकर उठून कामावर जायचे नाही, त्यालाच शेवटचा शब्द मिळतो!

‘ध’ चा ‘मा’

तिसरे कारण पुराव्याचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या आज्ञेतील एका अक्षराचा फेर करून ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका आहे आणि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तिच्यावरूनच आला. ती आख्यायिका ऐतिहासिक कसोटीला किती उतरते हे इतिहासकारांनी पाहावे. परंतु संदेशातील एवढ्याशा बदलाने माणूस मरू शकतो, हे मराठी भाषेला अडीचशे वर्षांपासून ठाऊक आहे.

२०१८ साली भारतभर फिरलेल्या एका चित्रफितीची कथा याच मासल्याची आहे. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारे मूल उचलून पळतात, एवढे त्यात दिसे. ही फीत मुळात पाकिस्तानातील कराचीची. मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी अभिनय करून काढलेली. मूळ फितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवितात. कोणीतरी शेवट कापला. लोकांना जागे करण्यासाठी बनविलेले चित्र लोकांना बिथरविण्याच्या कामी आले. दिसत होते ते घडलेलेच होते. कापलेल्या शेवटामुळे त्याचा अर्थ मात्र उलटा झाला.

पुरावा कसा तपासावा हे शिकण्यासाठी खान्देशच्या विद्यार्थ्याला फार दूर जावे लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी गावोगाव, वाड्यावाड्यांतून दप्तरे धुंडाळली. १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. कागद कोणाच्या हातचा, कोणत्या तिथीचा, कोणत्या दप्तरात सापडला, हे विचारल्याशिवाय त्यातील मजकुरावर विश्वास ठेवायचा नाही, हा इतिहाससंशोधनाचा पहिला पाठ आहे. आपल्या मोबाईलवर येणाऱ्या संदेशाला आपण यांपैकी एक तरी प्रश्न विचारतो का? त्यावर तारीख नसते, गाव नसते, लिहिणाऱ्याचे नाव नसते. ‘आत्ताच’, ‘आपल्याच भागात’, ‘एका डॉक्टर मित्राने’ एवढेच असते. असा कागद कोणत्याही संशोधकाने केराच्या टोपलीत टाकला असता.

सरकारने काय करावे?

राईनपाड्यानंतर सार्वजनिक धोरणाचा प्रश्न ऐरणीवर आला. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावाच्या हिंसेबाबत निर्देश दिले : प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी यासाठी नेमावा आणि भडकावू संदेशांवर लक्ष ठेवावे. १ जुलै २०२४ पासून, म्हणजे योगायोगाने राईनपाड्याच्या सहाव्या स्मृतिदिनी, भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा यांसारख्या कारणावरून केलेल्या हत्येसाठी स्वतंत्र तरतूद आहे. निव्वळ अफवेवरून झालेली हत्या त्या शब्दांत बसते की नाही, यावर वाद होऊ शकेल.

सर्वांत गाजलेला प्रश्न मात्र वेगळाच आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचे संदेश कुलूपबंद असतात. पाठविणाऱ्याच्या फोनवर कुलूप लागते आणि ते घेणाऱ्याच्या फोनवरच उघडते. मधली कंपनी केवळ पाकीट वाहणारा टपालवाला. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी सरकारने अशा मोठ्या सेवांना सांगितले, की न्यायालयाने वा सक्षम अधिकाऱ्याने मागितल्यास संदेश प्रथम कोणी लिहिला हे शोधून देता आले पाहिजे. हे करायचे तर सर्वांचेच कुलूप कमकुवत करावे लागेल, असे म्हणून कंपनी मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पाच माणसे मारली जातात आणि मूळ खोटे लिहिणारा अंधारात राहतो, हे कोणत्याही सरकारला अस्वस्थ करणारच. उलट पक्षी, सत्तेच्या हाती किल्ली दिली की काय होते याचाही अनुभव महाराष्ट्राला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिले होते. दुसरीने ते आवडल्याची खूण केली होती. ज्या कलमांचा तेव्हा आधार घेतला गेला, त्यांपैकी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. पुढे सरकारविषयीच्या मजकुरातले खरे-खोटे ठरविण्याचा अधिकार सरकारच्याच कक्षाला देणारा २०२३ चा नियम आला. तोही मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. वादी आणि न्यायाधीश एकच असू नये, हे तत्त्व गावच्या पंचालाही कळते.

माझ्या मते या चर्चेत मूळ लेखकाला अवाजवी महत्त्व दिले जाते. थोडे गणित करू. २०१८ साली एका ग्रुपवर २५६ माणसे असू शकत. एकाने पाच ग्रुपवर संदेश टाकला, तर तो १,२७५ जणांपर्यंत जातो. त्यांतील शंभरात केवळ एकाने, म्हणजे फक्त बारा जणांनी, तसाच पुढे ढकलला तर तो पंधरा हजारांवर जातो. पुन्हा शंभरात एकाने ढकलला, की सुमारे दोन लाख! काही माणसे दोन-दोन ग्रुपवर असतात हे खरे, तरी चित्र बदलत नाही. या साखळीत खोटे लिहिणारा एकच आहे; ते वाहून नेणारे दीडशेवर आहेत. कराचीच्या फितीचा मूळ कर्ता सापडला असता, तर तो एक सद्हेतूने काम करणारा गट निघाला असता. त्याला पकडून राईनपाड्याचे पाच जीव वाचले नसते.

ज्या उपायाचा परिणाम दिसला, तो कुलूप न फोडता झालेला आहे. जुलै २०१८ मध्ये पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच तो पाठविता येईल अशी मर्यादा आली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे केल्यावर अशा संदेशांचे फिरणे ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीने सांगितले. कोणाचे तोंड बांधले नाही, कोणाचे पत्र फोडले नाही; फक्त ढकलणाऱ्या हाताला क्षणभर थांबविले. यावरून एवढे दिसते, की बहुतेकांना खोटे पसरवायचे नसते. त्यांना थांबायला निमित्त लागते.

आपले कर्तव्य

हे निमित्त आपणच का होऊ नये? कला शाखेचा विद्यार्थी काय कामाचा, असे आपल्याला टोमणे ऐकावे लागतात. इतिहासाने आपल्याला कागदाची तारीख विचारायला शिकविले. तर्कशास्त्राने प्रश्नाची जात ओळखायला शिकविले. साहित्याने दुसऱ्याच्या कातडीत शिरून पाहायला शिकविले. आपल्या घरच्या ग्रुपवर या तिन्ही शास्त्रांची जितकी गरज आहे, तितकी कोणत्याही परिसंवादात नसेल.

हे करताना रीतही सांभाळली पाहिजे. काकांनी चुकीचा संदेश टाकला, तर दोनशे जणांपुढे त्यांना मूर्ख ठरवू नये. बाजूला फोन करून, ‘काका, ही फीत आपल्याकडची नाही, कराचीची आहे’ एवढे सांगावे. ते ऐकतील, आणि बहुधा आपणहून संदेश काढून टाकतील. चारचौघांत चूक दाखविली तर तेच काका त्या चुकीचा प्राणपणाने बचाव करतील. आईच्या उपासावर वाद घालण्यापेक्षा तिच्या साखरेच्या गोळ्या चुकू नयेत याची काळजी घ्यावी; श्रद्धा तिची, पण गोळी वस्तुस्थितीची आहे. धोरणावर बोलताना, या निर्णयाची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न आधी आपणच आपल्या बाजूला विचारावा. आणि ज्या संदेशात भीती आहे, घाई आहे, पण गाव, तारीख आणि नाव नाही, तो आपल्या हातून पुढे जाऊ देऊ नये.

नाथपंथी डवरी गोसावी आजही गावोगाव फिरतात. त्यांची भाषा, पेहराव आणि गाव आपल्या ओळखीचे नसते. राईनपाड्याच्या बाजारात त्या दिवशी ‘थांबा, आधी विचारू तरी, तुम्ही कुठले?’ हा प्रश्न पुरेशा मोठ्या आवाजात आणि पुरेशा माणसांनी विचारला गेला नाही. तो प्रश्न जमाव जमल्यावर विचारणे अवघड असते. जमाव जमण्यापूर्वी, संदेश आपल्या एकट्याच्या हातात असताना, तो विचारणे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे.